स्वरशुद्धीचा साधक : खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

ग्वाल्हेर नगरी आणि संगीत यांचा संबंध किती जुना आहे हे या नगरीतील मुलांना सांगावयास नकोच. तानसेनाची समाधी आपल्या गावात आहे; हस्सू खाँ, हद्दू खाँ आणि नत्थू खाँ यांनी ख्यालाला जे रूप दिले ते आपल्या गावाच्या नावानेच सर्वत्र ओळखले जाते; आणि २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून मान दिला, तेव्हा जगानेही या नात्यावर आपली मोहोर उमटविली. अशा गावात राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानात आज हेडफोन असतो. त्यातून कधी स्वच्छ सूर येतो, तर कधी खरखर, चिरका किंवा फाटका आवाज येतो. तो तसा का येतो, असा प्रश्न आमचे विद्यार्थी आम्हांला वरचेवर विचारतात. आम्ही भाषा शिकविणारे, यंत्रशास्त्री नव्हे. तथापि या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो असता आमच्यासमोर एका थोर गायकाचे चरित्र उभे राहिले. सूर बिघडतो कसा आणि तो शुद्ध कसा राखावा, या एकाच चिंतेत ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते खाँसाहेब अब्दुल करीम खाँ होत. त्यांचे चरित्र सांगता सांगता आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचेही उत्तर देता येईल, अशी आमची समजूत आहे.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ साली उत्तर हिंदुस्थानातील किराणा या गावी झाला. या गावाला कैराना असेही म्हणतात. घराण्यात गाण्याची आणि सारंगीची परंपरा होती. वडील काले खाँ आणि चुलते यांच्याजवळ त्यांचे शिक्षण झाले. गाण्याबरोबर सारंगीचाही हात त्यांनी तयार केला. सारंगीला पडदे नसतात. बोट केसभर सरकले की सूर ढळतो. ज्या मुलाने लहानपणी अशा वाद्यावर सूर शोधला, त्याचा कान पुढे इतका तीक्ष्ण व्हावा यात नवल नाही.

तरुणपणी धाकटे बंधू अब्दुल हक यांच्यासह ते बडोद्यास गेले आणि महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या दरबारात त्यांना आश्रय मिळाला. दरबारची नोकरी म्हणजे त्या काळी गवयाच्या जन्माची ददात मिटण्यासारखे होते. परंतु बडोद्यातच सरदार घराण्यातील ताराबाई माने यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. धर्म वेगळा, सामाजिक पायरी वेगळी. हा विवाह समाजाला रुचणारा नव्हता. दोघांनी बडोदे सोडले, आणि दरबारच्या आश्रयावर पाणी सोडून खाँसाहेब महाराष्ट्रात आले. मुंबई, मिरज, बेळगाव, पुणे अशा गावांतून त्यांचा संसार फिरत राहिला. त्यांतील मिरज हेच शेवटी त्यांचे गाव ठरले.

मिरजेचे आणि आपल्या ग्वाल्हेरचे नाते येथे सांगितले पाहिजे. पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ग्वाल्हेरची गायकी घेतली आणि ती महाराष्ट्रात आणली. मिरजेस त्यांच्यापाशीच विष्णु दिगंबर पलुसकर शिकले. म्हणजे ग्वाल्हेरचा प्रवाह ज्या गावात रुजला, त्याच गावात पुढे किराण्याचाही प्रवाह येऊन मिळाला. मिरजेची तिसरी कीर्ती तिच्या तंबोऱ्यांमुळे आहे. शस्त्रांना पाणी देणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तेथे तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला आणि फरीदसाहेब सतारमेकर हे नाव त्या कलेशी कायमचे जोडले गेले.

खाँसाहेबांना अशा गावाची ओढ वाटावी हे स्वाभाविकच होते, कारण तंबोरा हा त्यांचा जीव की प्राण होता. ते स्वतः वाद्यांची दुरुस्ती करीत आणि तंबोऱ्याची जवारी आपल्या हाताने काढीत. जवारी म्हणजे काय, हे आमच्या वाचकांनी नीट समजून घेतले पाहिजे, कारण हेडफोनच्या प्रश्नाची किल्ली तेथेच आहे. तंबोऱ्याची तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा धारदार नसून किंचित उताराचा, रुंद असतो. तार छेडली की ती त्या उताराला हळूच स्पर्श करीत थरथरते. तारेखाली सुताचा एक बारीक दोरा सरकवून हा स्पर्श हवा तसा जुळविता येतो. या स्पर्शामुळे मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट गतीचे अनेक उपस्वर जागे होतात आणि तंबोरा बोलू लागतो. तार विशिष्ट ठिकाणी छेडली असता काही उपस्वर मुळीच निघू नयेत असा पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा एक नियम होता. आपला तंबोरा आणि वीणा हा नियम मोडतात, आणि तो या घोडीमुळेच मोडतात, हे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास दाखवून दिले.

आता पाहा. तंबोऱ्यात तार घोडीला स्पर्श करिते, तेव्हा आपण त्यास गोडवा म्हणतो. हेडफोनमध्ये मात्र असाच स्पर्श झाला तर आपण त्यास बिघाड म्हणतो. हेडफोनच्या आत एक पातळ पडदा असतो. त्याला तारेची एक बारीक गुंडाळी चिकटविलेली असते, आणि ती गुंडाळी लोहचुंबकाच्या फटीत लोंबत असते. गाण्याचा विद्युत्प्रवाह गुंडाळीतून वाहू लागला की ती मागेपुढे हलते, पडदा हलतो आणि हवेत ध्वनी उमटतो. त्या पडद्याला एखादा केस, धुळीचा कण किंवा कानातील मळ चिकटला, अथवा गुंडाळी वाकडी होऊन चुंबकाला घासू लागली, तर प्रत्येक थरथरीबरोबर ती वस्तू खटखटते आणि भिणभिण उत्पन्न होते. उपस्वर दोन्हीकडे जन्मतात. एके ठिकाणी ते कारागिराने आणि गायकाने जाणूनबुजून, मोजून, दोरा सरकवून जुळविलेले असतात. दुसऱ्या ठिकाणी ते आगंतुक असतात. कारागिराच्या हेतूमुळे आणि त्याच्या मर्यादेमुळे जवारी आणि खरखर यांत हा भेद पडतो.

खाँसाहेबांच्या आयुष्यातील दुसरे मोठे प्रकरण श्रुतींचे होय. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी अधिकारी होते. परंतु आपल्या प्राचीन ग्रंथांतील बावीस श्रुती प्रत्यक्ष मोजून दाखवाव्यात, असा ध्यास त्यांनी घेतला होता. मोजमाप करावयाचे तर तितका स्थिर आणि अचूक सूर लावणारा गायक हवा. तो त्यांना अब्दुल करीम खाँ यांच्या रूपाने मिळाला. १९१० साली देवलांनी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानेही या कामात भाग घेतला आणि श्रुती वाजविणारी खास पेटी तयार करण्यात आली. गवई म्हटला की तो आपली विद्या झाकून ठेवणारा, अशी त्या काळची सार्वत्रिक समजूत होती. खाँसाहेबांनी मात्र आपला गळा शास्त्राच्या कसोटीस लावला. देवलांचे सर्वच सिद्धांत सर्व विद्वानांना पटले असे नाही; वाद पुष्कळ झाले. परंतु सुराची परीक्षा होऊ शकते आणि ती गायकाने देण्यास भिऊ नये, हा धडा त्यातून मिळाला.

साध्या पेटीचा सूर या लोकांना का खटकत होता, तेही सांगतो. षड्ज जर सेकंदास २४० कंपनांचा धरिला, तर तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा शुद्ध गांधार ३०० कंपनांचा येतो. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असल्यामुळे तिचा गांधार सुमारे ३०२.४ कंपनांचा येतो. अंतर अवघे २.४ कंपनांचे. परंतु दोन्ही सूर एकदम वाजले की सेकंदातून दोनतीन वेळा आवाज वरखाली हेलकावतो आणि तयार कानाला ते सोसत नाही. आमची घरची भाषा कोकणी. तीत ए आणि ओ या स्वरांचे संवृत आणि विवृत असे दोन दोन उच्चार असून लिपीत मात्र एकच खूण लिहिली जाते. तरी ऐकणारा कान त्यांची गल्लत कधीही करीत नाही. तेव्हा कागदावर न दिसणारा भेद कानाला स्पष्ट कळतो, याचे आम्हांला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

१९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यास आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. मुले गुरूच्या घरीच राहत, जेवत आणि शिकत. सर्व जातिधर्मांच्या शिष्यांना तेथे सारखाच प्रवेश होता. विद्यालयाचा खर्च चालविण्यासाठी खाँसाहेब गावोगाव जलसे करीत. त्यांनी एका कुत्र्यालाही सुरात सूर मिळविण्यास शिकविले होते आणि जलशात त्याचे कौतुक होत असे, अशी आठवण सांगितली जाते. सवाई गंधर्व या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेले कुंदगोळचे रामभाऊ हे त्यांचे शिष्य, तसेच रोशनआरा बेगम या त्यांच्या शिष्या.

इतरांचे सूर जुळविणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरातील सूर मात्र तुटला. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी वडिलांचे नाव लावले नाही. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, कमलाबाई बडोदेकर, सरस्वतीबाई राणे अशी त्यांची नावे महाराष्ट्राने ऐकली. दोष कोणाचा याचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु एवढे खरे की, नाव तुटले तरी सूर तुटला नाही. हिराबाईंनी तिकीट लावून स्त्रीने प्रतिष्ठितपणे सार्वजनिक जलसा करण्याचा पायंडा पाडला, आणि त्यांचे गाणे ऐकताना किराण्याचा तोच रेशमी सूर लोकांना ऐकू येई. खाँसाहेब मिरजेस राहिले. तंबोरे लावावेत, दर्ग्यात सेवा म्हणून गावे आणि शिष्यांना शिकवावे, असा त्यांचा क्रम होता. दक्षिणेतही त्यांचा मोठा मान होता. म्हैसूरच्या दरबारात ते गायिले, आणि त्यागराजांची कृती गाऊन तिची तबकडी काढणारे उत्तरेकडील ते विरळेच गवई.

तबकडीचा विषय निघाला म्हणून आता पुन्हा आपल्या प्रश्नाकडे वळू. खाँसाहेबांच्या पहिल्या तबकड्या १९०४-०५ सालच्या सुमारास निघाल्या. त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावयाचे. आवाजाच्या जोराने कर्ण्याच्या टोकाचा पडदा हले आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरी. जोराची तान घेतली की सुई उडून रेघ बिघडे. हलका सूर लावला तर रेघच उमटत नसे. साधारणतः २०० ते २००० कंपनांच्या आसपासचाच ध्वनी त्यात नीट उतरत असे. म्हणजे तंबोऱ्याचा खर्ज खालून गळाला आणि जवारीचे बारीक उपस्वर वरून गळाले. ज्या माणसाने जवारीसाठी तासन् तास घालविले, त्याच्या तबकडीत जवारीच नाही! गाणेही तीन मिनिटांच्या आत आटपावयाचे. शिवाय सर्वच तबकड्या मिनिटास नेमक्या ७८ फेऱ्यांनी कोरलेल्या नसत. ७८ फेऱ्यांची तबकडी ८० फेऱ्यांनी वाजविली, तर प्रत्येक सूर जवळजवळ अर्ध्या कोमल-तीव्र अंतराइतका चढतो. श्रुतीचा हिशेब ठेवणाऱ्याच्या गाण्याला यंत्राच्या किल्लीने असे चढवावे किंवा उतरवावे, याहून मोठी विकृती कोणती?

१९२५ साली विद्युत् ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि स्थिती पालटली. मायक्रोफोनमुळे गायकाला ओरडण्याचे कारण उरले नाही. खाँसाहेबांचा आवाज बारीक, हळुवार आणि लांबवर तरंगत जाणारा. तो या नव्या साधनाला फारच मानविला. १९३० नंतरच्या दशकात ओडियन कंपनीने त्यांच्या ज्या तबकड्या काढिल्या, त्यांनीच त्यांचे नाव घराघरांत पोहोचविले. त्यांतील झिंझोटीची ठुमरी आजही रसिकांच्या कानात आहे.

परंतु विजेनेही आपले दोष सोबत आणले. प्रत्येक यंत्राची एक शक्ती असते. ध्वनिवर्धकाला किंवा आपल्या हातातील फोनला त्याच्या शक्तीबाहेर आवाज मोठा करावयास सांगितले, तर ध्वनीच्या लाटेचे शिखर वर जाऊ शकत नाही. ते कापल्यासारखे सपाट होते. पडद्याचेही तसेच आहे. त्याला जितके हलता येते त्यापुढे ढकलले की तो अडतो. अशा छाटलेल्या लाटेतून मूळ गाण्यात नसलेले सूर जन्मास येतात. समजा, २४० चा षड्ज आणि ३२० चा मध्यम एकदम वाजत आहेत. बिघडलेल्या यंत्रातून त्यांच्या वजाबाकीचा ८० चा आणि बेरजेचा ५६० चा असे आणखी दोन सूर निघतात. तारसप्तकाचा शुद्ध रिषभ ५४० चा आणि कोमल गांधार ५७६ चा. ५६० हा त्या दोहोंच्या मधेच कोठेतरी लोंबकळणारा, कोणत्याही रागात न बसणारा सूर! गायकाने तो लावलेला नसतो. आपण आवाज वाढविल्यामुळे तो लागतो.

याखेरीज आणखी काही कारणे आहेत. जोडणीची तार सैल झाली असेल तर आवाज तुटतो. गाणे जागा वाचविण्यासाठी फार आवळून साठविले असेल, तर बारीक उपस्वर गाळले जातात आणि झांजेचा किंवा तंबोऱ्याचा आवाज पाण्यातून आल्यासारखा वाटतो. बिनतारी हेडफोन फोनपासून दूर गेला की दुवा खंडतो. म्हणून आवाज फाटू लागल्यास प्रथम तो कमी करून पाहावा. दोष गेला तर यंत्रावर भार जास्त होता. न गेल्यास तार आणि जोडणी तपासावी, जाळी कोरड्या मऊ कुंचल्याने साफ करावी, तेच गाणे दुसऱ्या हेडफोनवर आणि त्याच हेडफोनवर दुसरे गाणे ऐकावे. एका वेळी एकच गोष्ट बदलली म्हणजे दोष गाण्यात, फोनमध्ये की हेडफोनमध्ये, हे कोणासही कळेल.

मात्र सर्वांत महत्त्वाचे यंत्र दुकानात मिळत नाही. ते म्हणजे आपला कान. त्याच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात. मोठ्या आवाजाचा मारा सतत होत राहिला की त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून सुमारे ४० तासांपर्यंत निर्धोक समजावा. आवाज त्याहून वाढला की ही मुदत झपाट्याने घटते. हेडफोन बिघडला तर नवा आणता येईल. कान बिघडला तर जगातील सर्व गाणी जन्मभर बिघडलेलीच ऐकू येतील.

खाँसाहेबांचा शेवटही त्यांच्या आयुष्यास साजेसा झाला. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात ते मद्रासकडून पाँडेचरीस आगगाडीने निघाले होते. वाटेत छातीत कळ येऊ लागली म्हणून ते सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्थानकावर उतरले. तेथे फलाटावरच बिछाना घालून त्यांनी तंबोरा लावून घेतला, दरबारी रागात ईश्वराचे नाव आळविले आणि २७ ऑक्टोबर रोजी देह ठेविला, असे सांगतात. अखेरच्या घटकेसही तंबोरा जुळल्यावाचून त्यांनी देवाचे नाव घेतले नाही. मिरजेस ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर असून तेथे दरवर्षी गवई हजेरी लावण्यास जमतात.

एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करितो. गदगच्या एका लहान मुलाने खाँसाहेबांची झिंझोटीची ठुमरी तबकडीवर ऐकली. ती तबकडी आजच्या मानाने सदोषच होती. सुईची खरखर तीत होती, तंबोरा पुसट होता. पण त्या सर्वांतून सूर त्या मुलाच्या काळजाला भिडला. असे गाणे आपल्याला आले पाहिजे या वेडाने त्याने घर सोडले आणि गुरूच्या शोधात तो हिंडत हिंडत आपल्या ग्वाल्हेरीस येऊन माधव संगीत विद्यालयात दाखल झाला. पुढे तो खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशी शिकला, आपल्या गुरूच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात महोत्सव भरवू लागला आणि २००८ साली त्यास भारतरत्न जाहीर झाले. ते पंडित भीमसेन जोशी होत.

विद्यार्थिमित्रहो, त्या मुलाजवळ आपल्यापेक्षा कितीतरी हलके यंत्र होते. कान मात्र शाबूत आणि मन एकाग्र होते. आपल्या हाती उत्तम यंत्रे आली आहेत. त्यांवर खाँसाहेबांची एखादी तबकडी बेताच्या आवाजात लावावी, खरखरीच्या पलीकडे कान न्यावा आणि षड्ज लागताच तो किती स्थिर उभा आहे ते ऐकावे. शुद्ध आणि बिघडलेला सूर यांतील भेद ज्याला एकदा कळला, त्याला तो कोणत्याही हेडफोनमधून ओळखता येईल.